देवांना गॅलरीची खोली

इंदरगंजच्या चौकात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर समरजीतचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. तिथं खिडकीकडे पाठ करून सीमंतिनी उपाध्ये बावीस वर्षं बसत आली. आधी तिनं रेल्वेच्या आरक्षणाचे फॉर्म भरले, मग चारधामच्या बसगाड्या भरल्या, मग दुबई-सिंगापूर आलं, आणि गेली काही वर्षं जहाजं. ग्वाल्हेरहून कुठल्याही दिशेला निघा, एक रात्र गाडीत काढल्याशिवाय समुद्र भेटत नाही. तरी जहाजावर जाऊन आलेली माणसं आता गावात गल्लोगल्ली सापडतात आणि त्यातली निम्मी सीमंतिनीच्या टेबलावरून गेलेली असतात.

या निम्म्या गावाविषयी तिचं मत काही बरं नव्हतं. बावीस वर्षांत तिला एवढंच कळलं होतं की ग्वाल्हेरच्या माणसाला जग बघायचं नसतं, जग बघून आलेल्या शेजाऱ्याची जिरवायची असते. समोर बसलेल्याचा पहिला प्रश्न ऐकला की तिला बाकीचं कुळ-गोत्र कळायचं. "जेवण इन्क्लूड आहे ना?" असं विचारणारा चार दिवस बुफेसमोरून हलायचा नाही. "फोटो कुठून चांगले येतात?" असं विचारणारीला समुद्र पाठीमागेच हवा असायचा. आणि "वरच्या मजल्यावर कोण असतं?" असं विचारणारे सगळे जुन्या घराण्यांचे. त्यांची तर ती मनातल्या मनात अशी सालटी काढायची की ऐकणाऱ्यानं जहाजच काय, रिक्षासुद्धा केली नसती.

वरून मात्र ती गोड होती. तिच्याकडे प्लास्टिकमध्ये बंद केलेला, स्वतः रंगवलेला एक तक्ता होता. एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला जेवण. आतली खोली म्हणजे चारी बाजूंनी भिंती, खिडकीच्या जागी आरसा. खिडकीची खोली म्हणजे न उघडणारी गोल काच. गॅलरीची खोली म्हणजे सरकतं दार, बाहेर दोन खुर्च्या, एक छोटं टेबल आणि पुढे कठडा. त्याच्या वर सूट, त्यात बाथटब, आणि ग्वाल्हेरची माणसं त्या बाथटबचाच फोटो घेऊन परत येतात. जेवणाकडे वळलं तर मोठं भोजनगृह, त्यात ठरलेलं टेबल आणि दोन पाळ्या. वरच्या मजल्यावर बुफे, कधीही जा, ताट घ्या, वाढून घ्या. आणि वेगळे पैसे मोजले तर इटालियन, चिनी वगैरे तीन हॉटेलं, जिथं जाऊन लोक शेवटी दालफ्रायच मागतात.

ज्याला परवडत नाही त्याला ती म्हणायची, "आतली खोली घ्या. शांत असते, हेलकावे कमी लागतात." ज्याला परवडतं त्याला म्हणायची, "गॅलरी घ्या, मोकळं वाटतं." गॅलरी मागणाऱ्यांची तिला जास्त चीड यायची. माधवगंजात घराची बोळाकडची खिडकी धुळीच्या नावाखाली वर्षभर लावून ठेवतील, आणि चार रात्रींसाठी यांना समुद्राची गॅलरी पाहिजे. अशी माणसं उठून गेली की ती समरजीतकडे बघून नाक मुरडायची. "समुद्र बघून काय करणार आहेत हे? तिथंही मोबाइलच बघतील." समरजीत हसायचा. वडिलांच्या मागून ऑफिस त्याच्याकडे आलं होतं आणि वडिलांप्रमाणेच तो तिला ऑफिसच्या कपाटासारखं धरून चालायचा.

एक गोष्ट तिनं समरजीतला कधी सांगितली नव्हती, कुणालाच नव्हती. सीमंतिनीनं समुद्र पाहिलेला नव्हता. शाळेची सहल मुंबईला गेली तेव्हा तिला गोवर आला. नंतर वडील अंथरुणाला खिळले, मग आई, आणि दोघांचं करता करता ती पन्नाशी ओलांडून बसली. लग्न राहिलं ते राहिलंच. एकदा जहाज कंपनीनं एजंटांसाठी फुकट फेरी काढली होती, तिच्यावर समरजीतची बायको गेली आणि येताना सीमंतिनीला शिंपल्यांचं कानातलं घेऊन आली. ते तिनं कधी घातलं नाही.

"मोकळं वाटतं" हे तिला कुठून ठाऊक? माहितीपत्रकातून. पण त्या माहितीपत्रकातला एक फोटो तिनं फार दिवस टेबलाच्या खणात जपून ठेवला होता. गॅलरीतल्या दोन खुर्च्या, कपातून निघणारी वाफ आणि पुढे नुसतं पाणी. खुर्चीत माणूस नव्हतं. तिला तिथं बसायचं होतं, एकटीनं. कुणी येऊन विचारणार नाही की मॅडम, चहा किती वाजता, मॅडम, ब्लँकेट मिळतं का, मॅडम, जेवणात लसूण असतो का. आयुष्यात एवढीच एक गोष्ट तिला मनापासून हवी होती, आणि ज्यांना ती हवी असते त्यांना ती रोज हसत होती.

तिची संधी आली ती जयसिंहरावांच्या रूपानं.

जयसिंहराव किला गेटला राहतात. त्यांचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आले आणि सरदार झाले. जयसिंहराव वीज खात्यात लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. पण खात्यातल्या खुर्चीपेक्षा दरबारातली खुर्ची त्यांच्या जास्त ध्यानात राहिली, जिच्यावर ते स्वतः कधी बसले नव्हते. घराचा पुढचा भाग कोचिंग क्लासला भाड्यानं दिलेला, मागे एक प्लॉट होता तो यंदा विकला गेला, आणि पंचाहत्तरी जहाजावर साजरी करायचं ठरलं. माणसं वीस, खोल्या दहा. त्यांनी नावांची यादी टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर टेकता टेकता विचारलं, "बाई, पहिल्यांदा हे सांगा, सगळ्यात वर कोण राहतं?"

सीमंतिनीनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि तक्ता पुढे सरकवला.

कंपनीचा नियम होता, दहा खोल्यांच्या मागे एक खोली फुकट, मंडळींची व्यवस्था बघायला बरोबर येणाऱ्या माणसासाठी. समरजीतला जहाज लागतं, तेव्हा जाणार सीमंतिनीच. आणि नियमाचं शेपूट असं की बहुतेक खोल्या ज्या प्रतीच्या, त्याच प्रतीची फुकटची खोली. म्हणजे जयसिंहरावांची मंडळी आतल्या खोल्यांत गेली तर तीही आत. मंडळी गॅलरीत गेली तर दोन खुर्च्या आणि कठडा तिचा. तिनं समोरच्या म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. पैशावरून हा हलणार नव्हता. पण मानावरून याला तळघरातून गच्चीपर्यंत नेता आला असता.

"तुम्हाला सूट, ते तर पक्कंच," ती म्हणाली. "बाकीच्यांना आतल्या खोल्या लिहू? शांत असतात, हेलकावे कमी लागतात."

"लिहा."

तिनं पेन उचललं आणि परत ठेवलं. "फक्त एक. कृष्णराव तुमचे व्याही ना? मुलीच्या सासरचे. त्यांना बिनखिडकीची खोली, आणि तुम्ही वर सूटमध्ये. बरं दिसेल का?"

जयसिंहरावांच्या भुवया जवळ आल्या. "नाही दिसणार."

"मग त्यांना गॅलरी. पण व्याह्यांना गॅलरी आणि थोरल्या वहिनी, लीलाताई, त्यांना आत?"

"मतलबच नाही. वहिनीसाहेब आत कशा राहतील? गॅलरी द्या."

असा एकेक माणूस तिनं वर चढवला. चुलतभावाला व्याह्यांच्या बरोबरीनं, भाच्याला चुलतभावाच्या बरोबरीनं. शेवटी राहिला एक मेहुणा, ज्याच्याशी जयसिंहराव नऊ वर्षं बोलत नव्हते आणि तरी ज्याला सोडून जाणं शक्य नव्हतं. "यांना खिडकीची दिली," सीमंतिनी म्हणाली, "तर म्हणतील, मुद्दाम दिली."

"म्हणेलच तो. तो आहेच तसा. त्यालाही गॅलरी देऊन टाका."

एक सूट, नऊ गॅलऱ्या. शेजारच्या टेबलावर समरजीतच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. सीमंतिनीला मात्र खणातला फोटो खण न उघडता दिसत होता.

राहिलं जेवण. "जहाजात दोन पंगती असतात," ती म्हणाली. "पहिली आणि दुसरी. कुठली लिहू?"

"हे काय विचारणं झालं, बाई? आमच्या घराण्यातलं माणूस दुसऱ्या पंगतीला बसलेलं ऐकलं कधी?"

पहिल्या पाळीची वेळ संध्याकाळी सहा. ती पोराबाळांसाठी आणि लवकर निजणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. मानाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. तक्त्यावर वेळ बारीक अक्षरात छापलेली होती, पण बाईसमोर चष्मा लावणं जयसिंहरावांना कमीपणाचं वाटे. सहा वाजता ही मंडळी चहा पितात आणि दहाच्या आत कधी ताटावर बसत नाहीत, हे त्यांच्या घरी पूजेला जाणाऱ्या आजोबांकडून सीमंतिनीला ठाऊक होतं. तिनं सांगितलं नाही. तिच्या धंद्याचा नियमच होता, विचारलं तर सांगायचं. पण त्या दिवशी नियमाच्या खाली मजाही होती. सहा वाजता पोट भरलेलं असताना पहिल्या पंगतीचा मान मिळवून बसलेले वीस चेहरे तिनं डोळ्यांसमोर आणले आणि "पहिली" असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

निघायला दहा दिवस उरले असताना जयसिंहराव परत आले, बरोबर सुधाताई. सुधाताई म्हणजे त्यांची बायको, घरातल्या सगळ्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारी. कॅलेंडर तिनं उघडलं होतं आणि तिला दिसलं होतं की जहाजाचे दिवस म्हणजे खंडोबाचं नवरात्र. प्रवासाच्या चौथ्या दिवशी चंपाषष्ठी. त्या दिवसांत घरातले चांदीचे टाक एकटे ठेवायचे नसतात, आणि विश्वासानं सोपवावं असं मागे कुणी नव्हतं, कारण घरातलं झाडून सगळं माणूस जहाजावर चाललं होतं.

"देव बरोबर न्यायचे," जयसिंहराव म्हणाले. "ते ठरलं. पण ठेवायचे कुठं? आमच्या खोलीत, पलंगाशेजारी, चहाच्या किटलीपाशी? बाई, तुम्ही त्या दिवशी जे बोलल्या ते माझ्या डोक्यात बसलं. मी दोन दिवस विचार केला. व्याह्यांना गॅलरी. त्या मेहुण्यालासुद्धा गॅलरी. आणि ज्यांच्यामुळं घराणं उभं आहे, त्या देवांना टेबलाचा कोपरा. बरं दिसेल का?"

आपलंच वाक्य समोरून असं चालत आलेलं पाहून सीमंतिनीनं उगाच तक्ता सरळ केला. मग सावरून म्हणाली, "गॅलरीची एकही खोली आता शिल्लक नाही. उरल्यात त्या आतल्या."

आणि समरजीत, ज्याला बावीस वर्षांत गप्प कधी बसावं ते कळलं नव्हतं, उत्साहानं म्हणाला, "अंकल, है ना एक. फ्री वाली. मॅडमच्या नावानं आहे."

जयसिंहरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, साधं आश्चर्य होतं. तक्त्यावर ही बाईही कुठंतरी असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सुधाताईंच्या मात्र आलं. "म्हणजे आमचे व्याही आणि ऑफिसातल्या बाई एकाच पायरीवर?" ती नवऱ्याला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

"तसं नका बोलू," जयसिंहराव म्हणाले. "बाई घरच्याच. यांच्या आजोबांनी आमच्या देवघरात चाळीस वर्षं पूजा केली. कागदावर नाव यांचंच राहू द्या. खोलीत देव राहतील, आणि बाईंना आम्ही वेगळी आतली खोली घेऊन देऊ. तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, शांत असते, हेलकावे कमी?"

सीमंतिनीला एवढंच म्हणायचं होतं की ती खोली मला हवी आहे. नियम तिच्या बाजूनं होता, कागद तिच्या नावाचा होता. पण हे वाक्य तिनं बावीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी त्याला नाक मुरडलं होतं. शेजारी समरजीत बसला होता, ज्याच्यासमोर ती रोज म्हणायची की समुद्र बघून काय करणार आहेत हे. आता तीच म्हणणार, मला बघायचाय? भीक मागितल्यासारखं वाटलं असतं, आणि मागणाऱ्यांची तिला किळस होती.

"तुमची मर्जी," ती म्हणाली.

"आणि पूजाही तुम्हीच करा," जयसिंहराव जाता जाता म्हणाले. "गुरुजी बोलतात की ते समुद्रावर पाय ठेवणार नाही. माझा गुडघा वाकत नाही. तुमच्या हाताला आमचे देव ओळखतात."

मुंबईच्या बंदरात जहाजाच्या पोटात शिरताना चढायच्या पुलाच्या फटीतून तिला समुद्र दिसला, मळका आणि तेलकट, दोन हात रुंद. ती मंडळींच्या बॅगा मोजत होती. पाचव्या मजल्यावरची आतली खोली तिनं उघडली तेव्हा खिडकीच्या जागी खरंच आरसा होता, तक्त्यावर लिहिल्याप्रमाणे. त्यात बावन्न वर्षांची एक बाई दिसत होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली. सीमंतिनीनं त्या बाईलाही नाक मुरडलं.

पहिल्या संध्याकाळी सहाला पंगत बसली. मंडळींनी नुकताच चहा घेतला होता. "आता जेवायचं?" व्याही कृष्णराव हळूच म्हणाले. वेटरनं नम्रपणे सांगितलं की सर, दुसऱ्या पाळीत जागा आहे, बदलून देतो. "दुसरी?" जयसिंहराव म्हणाले. "काही गरज नाही." मग सगळे जेवले, म्हणजे काट्यांनी पालक इकडून तिकडे केला. घरची रीत अशी की थोरला उठल्याशिवाय पंगतीतून कुणी उठायचं नाही, आणि थोरला पंचाहत्तर वर्षांचा, शिवाय कवळीचा. सीमंतिनी टेबलाच्या अगदी शेवटच्या टोकाला होती. व्यवस्थेचं माणूस म्हणून तिलाही पहिली पंगत चुकत नव्हती. बुडता सूर्य समोरून डोळ्यांवर येऊ लागला तशी वेटरांनी सगळ्या खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतले. साडेसातला जयसिंहराव उठले तेव्हा बाहेर काळोख होता.

रात्री साडेदहाला पहिल्या पंगतीची मानकरी मंडळी भुकेनं कासावीस होऊन वरच्या बुफेत पिझ्झ्याच्या रांगेत उभी होती. उभ्यानं जेवणाऱ्यांना जनावरं म्हणणारे जयसिंहराव हातात प्लेट धरून, भिंतीला टेकून नूडल्स ओढत होते. ज्या मजेसाठी सीमंतिनी महिनाभर थांबली होती ती ही होती. तिला वाटलं होतं तेवढी ती आली नाही. हीच वेळ त्यांना सांगितली असती तर तिची स्वतःची संध्याकाळ वाचली असती, हा हिशेब तिला फार उशिरा सुचला.

सकाळी साडेसहाला देवांची पूजा. गॅलरीच्या खोलीचं कार्ड सुधाताईंच्या कमरेला. ती दार उघडायची, पलंगावर मांडी घालून बसायची आणि पूजा होईपर्यंत सीमंतिनीच्या हातांवरची नजर काढायची नाही. जयसिंहरावांनी पहिल्याच दिवशी होकायंत्र लावून दिशा ठरवून दिली होती. देवांचं तोंड पूर्वेला. जहाज दक्षिणेला चाललेलं, खोली डाव्या अंगाची, म्हणजे गॅलरी पूर्वेला. तेव्हा आतल्या भिंतीशी टेबल मांडून टाक ठेवले होते. देव समुद्राकडे तोंड करून बसलेले, आणि पूजा करणारीची पाठ समुद्राला.

ज्योत लावायला जहाजात बंदी, म्हणून समईच्या जागी बॅटरीचा दिवा लुकलुकत होता. सीमंतिनीनं भंडारा वाहिला, बेल वाहिला. पाठीमागे सूर्य वर आला, हे तिला टाकांवरून कळलं. खंडोबाच्या चांदीच्या चेहऱ्यावर आधी तांबूस, मग पिवळं ऊन चढलं. पहिला सूर्योदय तिनं असा देवाच्या गालावर पाहिला. तिला मान वळवायची होती. मान वळवायला एक क्षण लागतो. पण पलंगावर सुधाताई होती, आणि वळली असती तर तिला कळलं असतं की या बाईला काय हवंय. सीमंतिनीनं मान वळवली नाही. पूजा संपली की सुधाताई म्हणायची, "चला, देवांच्या खोलीत नुसतं बसायचं नाही," आणि दार बंद व्हायचं. आत गॅलरीतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहायच्या, अगदी फोटोतल्यासारख्या.

उघड्या डेकवर जाता येत नव्हतं असं नाही. ती दोनदा गेली. दोन्ही वेळा कठड्याशी पोचण्याच्या आधी मंडळींपैकी कुणीतरी हाक मारली. लीलाताईंना लिफ्ट सापडत नव्हती. मेहुण्याला विचारायचं होतं की त्याची गॅलरी व्याह्यांच्या गॅलरीपेक्षा बोटभर लहान का. तिसऱ्या दिवशी कोचीला मंडळी बसमधून फिरली आणि तिनं वीस डोकी सहा वेळा मोजली. त्या संध्याकाळीही पहिली पंगत, ओढलेले पडदे. त्या रात्रीही बुफे, आणि सुधाताईंनी पिझ्झ्यावर आइस्क्रीम खाल्लं.

चौथ्या दिवशी पहाटे सीमंतिनीच्या खोलीतला फोन वाजला. सुधाताईंचा आवाज खोल गेला होता. "बाई, रात्रीपासून चार वेळा जाऊन आले. मला नाही उठवत. येऊन कार्ड घेऊन जा आणि पूजा करून टाका. चंपाषष्ठी आहे, नीट करा."

तिनं दार उघडलं आणि पहिल्यांदाच त्या खोलीत ती एकटी उभी राहिली. कार्ड घेऊन येईपर्यंत सात वाजत आले होते. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. टाकांवर ऊन नव्हतं. देव सावलीत बसले होते. मग तिच्या लक्षात आलं. रात्रीतून जहाज परत फिरलं होतं, मुंबईकडे, उत्तरेला. डावं अंग आता पश्चिमेला होतं. देवांचं तोंडही पश्चिमेला.

जयसिंहरावांनी दिशा एकदा ठरवून दिली होती आणि जहाज वळतं हे त्यांच्या डोक्यात नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, तेव्हा सांगायची गरज नव्हती. सीमंतिनीनं एक क्षण तशीच बसून पूजा उरकायचा विचार केला. मग म्हणाली, नाही. देवांचं तोंड पूर्वेला म्हणजे पूर्वेलाच. त्या घराण्याच्या सगळ्या रीतींना ती तीन दिवस मनातून शिव्या देत होती, पण ही एक रीत आज तिनं काटेकोर पाळायची ठरवली. तिनं टाक उचलून पलंगावर ठेवले, टेबल ओढत ओढत सरकत्या दाराशी नेलं, दार पूर्ण उघडलं, आणि देवांना परत मांडलं. आता देवांची पाठ समुद्राला होती. पूर्वेला तोंड करून ते आतल्या भिंतीकडे बघत होते. त्यांच्यासमोर बसायचं तर तोंड पश्चिमेला करूनच बसावं लागणार होतं.

ती बसली. भंडाऱ्याची चिमूट घेतली, हात पुढे केला आणि मान वर केली.

देवांच्या डोक्यावरून पुढे सगळं पाणी होतं. जहाजाची स्वतःची लांब सावली त्या पाण्यावर पडली होती आणि सावलीच्या पलीकडे ऊन सुरू होत होतं, आणि मग काहीच नव्हतं, कुठंच. तिच्या बोटांतला भंडारा गुडघ्यावर सांडला. तिला रडू आलं, आणि त्याचा तिला रागही आला. पहिल्यांदा आठवला तो तिचा तक्ता. मोकळं वाटतं. किती सहज ती लोकांना सांगत आली होती. मोकळं अजिबात वाटत नव्हतं. लाज वाटत होती. बोळाकडची खिडकी लावून ठेवणारी ती सगळी माणसं, ज्यांनी तिच्या टेबलावर संकोचानं विचारलं होतं की गॅलरीची मिळेल का, ती एकेक तिला आठवली. त्यांना हे हवं होतं, आणि ती हसली होती. इतकं मोठं काहीतरी समोर होतं, आणि ते तिला काहीही विचारत नव्हतं.

तिनं पूजा पुरी केली, बेलाचं एकही पान चुकवलं नाही. मग देवांना वळसा घालून गॅलरीत गेली आणि खुर्चीत बसली.

खोलीतला फोन वाजला. वाजत राहिला, तेव्हा ती उठली.

"बाई, बरं झालं सापडल्या," जयसिंहराव म्हणाले. "नैवेद्याला भरीत लागणार. वांगी कुठं मिळतील इथं? कुठल्या मजल्यावर जाऊन विचारायचं?"

बुफे अकराव्या मजल्यावर होता. डाव्या कोपऱ्यात हिंदुस्थानी जेवणाचं टेबल, तिथला आचारी धौलपूरचा, आणि भरताचं तिनं त्याच्याशी आदल्या दिवशी दुपारीच बोलून ठेवलं होतं. जे ठाऊक नव्हतं ते ती बावीस वर्षं लोकांना छातीठोकपणे सांगत आली होती. हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

तिनं फोन ठेवला, कार्ड ब्लाउजमध्ये खोचलं आणि बाहेर गेली. सूर्य वर चढत होता आणि जहाजाची सावली पाण्यावरून आखूड होत चालली होती. तिनं दुसरी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर पाय ठेवले.